मदामच्या तेलाचा ठसका

ऑलिव्ह ऑइल हे मुळात खायचं तेल आहे, हे मला चाळिशी जवळ आल्यावर कळलं. पुण्यात आमच्याकडे ते केमिस्टच्या दुकानातून यायचं, लहानशा डब्यातून, आणि तेसुद्धा घरात कुणाला बाळ झालं की. दुबईला आल्यावर सुपरमार्केटमध्ये त्याच्या बाटल्यांची आख्खी भिंत दिसली, तेव्हा मी नवऱ्याला म्हणाले होते, "इथे एवढी बाळं होतात?"

दुबईत मी एका बिल्डरच्या ऑफिसात ब्रोशर लिहायचे. जिथे अजून तळं खणलेलं नव्हतं, तिथल्या फ्लॅटला 'लेक व्ह्यू' म्हणायचं, जिथे एक झाड नव्हतं तिथे 'ग्रीन कम्युनिटी'. सगळेच तसं लिहायचे आणि लोक रांगा लावून घरं घ्यायचे. मग २००८ संपता संपता रांगा थांबल्या. आम्हाला वाटलं महिना-दोन महिन्यांची गोष्ट आहे. जानेवारीत एका रविवारी, म्हणजे तिथल्या कामाच्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, सकाळी आमच्या आख्ख्या डिपार्टमेंटला कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं आणि दुपारी मी खोक्यात कॉफीचा मग आणि मुलीचा फोटो घेऊन घरी आले.

नवरा एका काँट्रॅक्टिंग कंपनीत एसी आणि प्लंबिंगची कामं बघायचा. त्याची नोकरी राहिली, पगार कापला गेला. आम्ही अल कुसैसला राहायचो. मुहैस्नाहच्या कँपातून पहाटे कामगारांना घेऊन निघणाऱ्या बसांमुळे आमच्या रस्त्यावर रोज जाम लागायचा. त्या वर्षी तो जाम हळूहळू नाहीसा झाला. आधी बरं वाटलं, मग त्या मोकळ्या रस्त्याची भीती वाटायला लागली. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये देश सोडून गेलेल्यांच्या, धूळ खात पडलेल्या गाड्या वाढत होत्या. लिफ्टमध्ये रोज नवीन कागद चिकटवलेला असायचा: सोफा विकणे आहे, फ्रिज विकणे आहे, अर्जंट.

अशात आमच्या ओळखीच्या शेफचा फोन आला. हा मूळचा वसईचा, एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये होता. गणपतीला आमच्याकडे मोदक खायला यायचा आणि ख्रिसमसला त्याच्याकडून आम्हाला केक यायचा. म्हणाला, "ताई, एक मदाम आहे. ट्युनिशियाची. आम्हाला तेल देते. तिला इंग्लिशमध्ये पत्रंबित्रं लिहिणारं माणूस पाहिजे. पगार कमी आहे, पण बाई लाखात एक आहे. जाऊन तर बघा."

मी दुसऱ्याच दिवशी गेले. ऑफिस दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात होतं, म्हणजे एका मोठ्या फूड कंपनीच्या वेअरहाउसचा एक थंड केलेला कोपरा आणि त्याला लागून काचेची एक खोली. मदाम साठीच्या आसपास होत्या. बुटक्या, करडे केस कानापर्यंत कापलेले, मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ. नंतर कळलं की ते त्यांच्या गेलेल्या नवऱ्याचं. तो इथे इंजिनिअर होता. तो गेल्यावर सगळ्यांना वाटलं या परत जातील, पण त्या राहिल्या आणि माहेरचं तेल दुबईत आणून विकायला लागल्या.

त्यांनी माझा सीव्ही बाजूला ठेवला. निळ्या काचेच्या छोट्या पेल्यात थोडं तेल ओतलं, पेला तळहातात धरून दुसऱ्या हातानं झाकला आणि त्याला थोडा वेळ तशीच ऊब दिली.

"घे. आधी वास. मग थोडं तोंडात घे आणि दातांमधून हवा आत ओढ. आवाज झाला तरी चालेल."

वास आला तो कापलेल्या गवताचा, आणि त्याच्यामागे कच्च्या टोमॅटोच्या देठाला येतो तसा. तोंडात घेतल्यावर आधी काहीच नाही, मग कारल्यासारखं कडवट, आणि गिळलं तसा मिरी लागल्यासारखा घशात असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. इंटरव्ह्यूमध्ये मी खोकत बसले.

"मॅडम, हे खराब झालंय का?"

त्या खो खो हसायला लागल्या. "खराब झालं असतं तर तू खोकली नसतीस! हा ठसका म्हणजे तेल जिवंत आहे. ज्या दिवशी ठसका जाईल त्या दिवशी तेल म्हातारं झालं असं समज. आणि मॅडम नको म्हणू, मला शाळेत असल्यासारखं वाटतं. सगळे मदाम म्हणतात."

पेल्यातलं उरलेलं तेल त्यांनी पावाच्या तुकड्यानं पुसून खाऊन टाकलं. "उद्यापासून ये," म्हणाल्या. "इन्शाल्ला पगार वेळेवर देईन."

त्यांनी तो शेवटपर्यंत वेळेवर दिला.

त्यांच्या माहेरचा ऑलिव्हचा मळा ट्युनिशियाच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात. पाच पिढ्या एकाच घराण्याकडे. झाडं त्याहून जुनी, काही तर इतकी की कुणी लावली हे घरात कुणालाच माहीत नाही. तेल ऑरगॅनिक होतं आणि डब्यावर तसा शिक्का होता. गिऱ्हाइकानं त्याबद्दल विचारलं की मदाम सांगायच्या, "आजोबांना औषधं परवडत नव्हती. वडिलांना परवडत होती, पण ते हट्टी होते. माझ्या वेळेपर्यंत जगानं त्याला ऑरगॅनिक असं नाव दिलं." झाडांखाली मेंढ्या चरतात, त्यांचंच खत. पाणी पावसाचं. फळ तोडलं की त्याच दिवशी घाण्यावर.

मी पत्रं लिहायचे, हॉटेलांना आणि दुकानांना फोन करायचे, आणि हळूहळू चव घ्यायलाही शिकले. मदामनी मला मुद्दाम वाईट तेलं चाखायला लावली. एका तेलाला ओल्या पोत्याचा वास येत होता, एकाला व्हिनेगरचा. एक तेल नाकाजवळ नेलं आणि माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "खवट!"

"काय म्हणालीस?"

"खवट. जुनं खोबरं असं लागतं. जुने शेंगदाणेसुद्धा."

त्यांनी तो शब्द दोन-तीनदा घोळवून बघितला. त्यांच्या तोंडी तो 'खाव्वात' असा झाला. पण त्यांना तो इतका आवडला की पुढे मिटिंगमध्ये समोरच्याच्या तेलाला नाव ठेवायचं असलं की त्या माझ्याकडे बघून हळूच म्हणायच्या, "खाव्वात." समोरच्याला वाटायचं आम्ही अरबीत काही बोलतोय. अरबांना वाटायचं फ्रेंचमध्ये. तसंही मदामचं ट्युनिशियाचं अरबी इथल्या लोकांना निम्मंच कळायचं.

पहिल्या महिन्यात मी एक बाटली घरी आणली. नवऱ्यानं किंमत विचारली. पंचेचाळीस दिरहम म्हटल्यावर त्यानं मनात गुणाकार केला आणि मोठ्यानं म्हणाला, "अगं, म्हणजे जवळजवळ सहाशे रुपये! एवढ्यात आईकडे घाण्याचं शेंगदाणा तेल..." मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. तिनं पोळीचा तुकडा बुडवून खाल्ला आणि खोकत खोकत म्हणाली, "आई, इट टेस्ट्स लाइक स्पायसी ग्रास!" दुसऱ्या दिवशी डब्याला तिनं तेच मागितलं.

बाजार वाईटच होता. हॉटेलं रिकामी होती आणि खरेदीवाले सगळीकडून किमती पाडून मागत होते. तरी मदाम रोज सकाळी आल्या की अरबीत "यल्ला!", म्हणजे "चला!", म्हणून टाळी वाजवायच्या आणि आमचा पेशावरचा ड्रायव्हर, मी आणि त्या, असे तिघंच असूनसुद्धा ऑफिस भरल्यासारखं वाटायचं.

उन्हाळ्यात दुबईत कुणी नसतं. मुलीच्या शाळेला सुट्टी लागली तशी मी पुण्याला गेले, मदाम माहेरी गेल्या, ड्रायव्हर गावी गेला. ऑफिस बंद, माल थंड कोपऱ्यात. सगळ्यांत आधी मी परत आले. ऑगस्टची सकाळ होती. शटर वर केलं आणि भट्टीचं दार उघडावं तसा झोत तोंडावर आला.

वीज नव्हती. ज्या फूड कंपनीकडून आम्ही जागा घेतली होती ती बुडाली होती. त्यांच्या ऑफिसला टाळं होतं आणि मालक कुठे आहे ते कुणाला माहीत नव्हतं. बिल न भरल्यामुळे लाइन तोडलेली होती. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "मॅडम, बहुत दिन हो गए." किती, ते त्यालाही धड सांगता येईना. आतले डबे हाताला चटका बसेल इतके तापलेले होते. वर्षभराचा जवळजवळ सगळा माल तिथे होता.

मी बाहेर येऊन सावलीत उभी राहिले आणि मदामना फोन लावला. काय झालं ते सांगितलं.

"तू ठीक आहेस ना? आत जास्त वेळ थांबू नकोस, चक्कर येईल," एवढंच त्या म्हणाल्या. आणि पुढच्या विमानानं आल्या.

त्या येईपर्यंत नवऱ्यानं त्याच्या कंपनीच्या ओळखीनं शेजारच्या वेअरहाउसमध्ये तात्पुरती जागा मिळवली होती. ड्रायव्हर अजून गावीच होता, म्हणून नवऱ्यानं साइटवरची दोन माणसं आणली आणि त्यांच्याबरोबर स्वतःही डबे वाहिले. एअरपोर्टवरून मदाम सरळ तिथे आल्या, हातातली बॅगसुद्धा ठेवली नाही. वेगवेगळ्या पॅलेटमधून डबे काढून त्यांनी पेले भरले. आम्ही दोघी समोरासमोर बसलो.

मी चाखलं. खवट नव्हतं. खरं सांगायचं तर वाईट मुळीच नव्हतं, गुळगुळीत, किंचित गोडसर. नवऱ्यालाही दिलं. तो म्हणाला, "छान आहे की! मला तर हेच जास्त आवडलं."

मदामनी पुढचा पेला घेतला, मग त्याच्या पुढचा. मग माझ्याकडे बघितलं. "तुझ्या घशाला काही झालं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी एकदाही खोकले नव्हते.

लॅबला पाठवलेल्या नमुन्यांचा रिपोर्ट आठवड्यानं आला. आकडे मर्यादेच्या आत होते, अगदी कडेला, पण आत. कायद्यानं ते अजून एक्स्ट्रा व्हर्जिन, म्हणजे सगळ्यांत वरच्या प्रतीचं होतं. मी आनंदानं उडीच मारली. मदामनी रिपोर्ट वाचला, घडी घातली आणि भावाला फोन लावला. मळ्याचा कारभार भाऊ बघायचा. फोनवर दोघं फ्रेंच आणि अरबी मिसळून भांडायला लागले. मला शब्द कळत नव्हते, पण भाऊ काय म्हणत असेल ते कळत होतं, कारण मीही मनातून तेच म्हणत होते: लॅब पास म्हणतेय, मग विकून टाका. शेवटी मदाम शांतपणे एक वाक्य बोलल्या आणि फोन ठेवला.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, डब्यावर आपल्या बापाचं नाव आहे. लॅबवाल्यांच्या बापाचं नाही."

मला वाटलं खलास, आता ऑफिस बंद आणि माझी दुसरी नोकरीही गेली. आणि तरीही त्या क्षणी मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी उठून उगाच चहा करायला गेले.

शेफला कळलं तसा तो स्वतः आला. मदामना इंग्लिशमध्ये म्हणाला, "मला द्या ना. सॅलडवर घालू. कुणाला कळतंय?"

"तुला कळेल," मदाम म्हणाल्या.

तो ओशाळून हसला. जाताना मला मराठीत म्हणाला, "ताई, बघा ना कशी बाई आहे! बाकीचे सप्लायर काय काय आणून देतात आम्हाला." मग त्यानं हॉटेलशी बोलून थोडा माल साध्या स्वयंपाकाचं तेल म्हणून साध्या तेलाच्या भावात घ्यायचं कबूल केलं. तो थोडाच होता. बाकीच्याचं काय करायचं, ते कुणालाच सुचत नव्हतं. मदाम साबणवाल्यांचे नंबर शोधायला लागल्या.

त्याच दिवसांत आमच्या मजल्यावर शेजारणीला मुलगा झाला. नाशिकची मुलगी, बाळंतपणासाठी आई व्हिजिट व्हिसावर आली होती. काकू एकदम कामाच्या. आल्या दिवसापासून त्यांनी त्या फ्लॅटमध्ये डिंकाचे लाडू, शेक, सगळं सुरू केलं होतं. मी बाळाला बघायला गेले तर काकू मलाच विचारतात, "अगं, तू तेलाच्या कंपनीत आहेस ना? इथे ते मालिशचं ऑलिव्ह ऑइल कुठे मिळतं? मी नाशिकहून आणलेला डबा संपला. दुकानात म्हणे खायचंच आहे. आणि त्या एकाला तर बाई काय उग्र वास!"

मी घरी जाऊन त्या उन्हाळ्यात तापलेल्या मालातला, घरी आणून ठेवलेला एक डबा घेऊन आले. काकूंनी तळहातावर थेंब घेतला, चोळला, वास घेतला. "हे बघ, हे कसं मऊ आहे. हेच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मी मदामना सांगितलं. त्यांना आधी वाटलं मी थट्टा करतेय.

"बाळाच्या अंगाला? माझं तेल?"

"आमच्याकडे सगळे लावतात, मदाम. खातं कोण?"

त्यांनी साबणवाल्यांच्या नंबरांचा कागद बाजूला सारला. मग म्हणाल्या, "मला बघायचंय."

म्हणून एका सकाळी मी त्यांना घेऊन शेजारणीकडे गेले. काकूंनी बाथरूममध्ये प्लॅस्टिकच्या पाटावर बसून पाय लांब केले होते आणि त्या पायांवर बाळाला उताणं घेतलं होतं. तेल वाटीत कोमट केलेलं. मदाम दाराशी स्टूलवर बसल्या. काकूंनी आधी टाळू भरली, मग छाती, मग हात एकमेकांवर घेऊन ओढले, मग पाय. बाळ आधी रडलं, मग गप्प झालं, मग डोळे जड व्हायला लागले.

मदाम एकदम फ्रेंचमध्ये काहीतरी बोलल्या, मग इंग्लिशमध्ये. "माझी आजी असंच करायची. माझ्या धाकट्या भावाला. मी बाजूला बसायचे. मी हे विसरलेच होते."

काकूंनी विचारलं, "काय म्हणतायत गं?" मी सांगितलं. काकू म्हणाल्या, "मग नुसतं बघत काय बसल्यात? म्हणावं, घ्या एक पाय."

मदामनी घड्याळ काढून माझ्याकडे दिलं, बाह्या सरसावल्या आणि खाली फरशीवरच बसल्या. हात इतके हलके लावत होत्या की तेल नुसतं फिरत होतं.

"सांग गं त्यांना," काकू म्हणाल्या, "एवढं घाबरायला नको. पोर मोडत नाही. जरा जोर लावा."

मी सांगितलं. मदाम हसल्या आणि जोर लावला. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण पुढचा अर्धा तास त्यांना माझी गरजही लागली नाही. निघताना काकूंनी त्यांच्या हातावर डिंकाचा लाडू ठेवला. गाडीत बसल्यावर मदामनी तो खाल्ला आणि म्हणाल्या, "यल्ला. लेबल बनव."

लेबल मी लिहायचं होतं. मी माझ्या जुन्या सवयीनं लिहिलं: 'सोन्यासारखं मऊ, तुमच्या बाळाच्या नाजूक त्वचेसाठी.' मदामनी ते वाचून खोडलं. त्यांनी सांगितलं ते असं: 'ऑरगॅनिक ऑलिव्ह तेल. एक्स्ट्रा व्हर्जिन नाही. या तेलाला उन्हाळ्यात उष्णता लागली आहे. स्वयंपाकाला आणि मालिशला चांगलं.'

"मदाम, उष्णता लागली असं लिहिलं तर घेणार कोण?"

"ज्याला चालेल तो घेईल. ज्याला चालणार नाही त्याला कळायला नको?"

म्युनिसिपालिटीकडून नवीन लेबलला मंजुरी घेण्यात काही दिवस गेले. मग तोवर गावाहून परतलेला ड्रायव्हर, मदाम, मी आणि संध्याकाळी शाळेतून आलेली माझी मुलगी, असे सगळे जमिनीवर बसून जुन्या लेबलवर नवीन लेबल चिकटवायचो. सोनेरी 'एक्स्ट्रा व्हर्जिन' झाकलं जाताना मदामचा चेहरा मी बघायचे नाही. एकदा मुलीनं विचारलं, "बट मदाम, इफ नोबडी कॅन टेल, व्हाय आर वी डुइंग धिस?" मदाम लाडानं म्हणाल्या, "बिकॉज आय कॅन टेल, हबीबती." आणि पुढचा डबा ओढला.

तेल विकलं गेलं. एकदम नाही, आणि सगळं तर नाहीच, शेवटी थोडं साबणवाल्याकडे गेलं. पण काकूंनी बिल्डिंगमध्ये सांगितलं, बिल्डिंगमधून ते मराठी मंडळात गेलं, तिथून शाळेच्या गेटवर, मग केरळच्या नर्सेसमध्ये. लोक लेबल वाचून फोन करायचे. "उष्णता लागली म्हणजे नेमकं काय हो?" मी खरं ते सांगायचे. आणि गंमत अशी की त्यातले बरेचजण पुढे विचारायचे, "मग उष्णता न लागलेलं कसं असतं?" नवीन तेल आलं तेव्हा पहिली गिऱ्हाइकं हीच. त्या वर्षी भल्याभल्यांनी लपवालपवी केली होती. ब्रोशरमधली तळी कोरडी पडली होती. अशात एक बाई स्वतःहून सांगतेय की माझा माल थोडा कमी प्रतीचा आहे, याचं लोकांना अप्रूप वाटलं असणार.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात मदाम मला तोडणीला घेऊन गेल्या. मी त्याआधी असं काही पाहिलं नव्हतं. चुन्यानं रंगवलेलं बसकं घर, समोर उतारावर दूरवर झाडंच झाडं, पानं वाऱ्यानं उलटली की सगळा डोंगर चंदेरी व्हायचा. खोडं पिळून ठेवलेल्या पंच्यासारखी. गावातल्या बायका शिडीवर चढून बोटांत बकऱ्याच्या शिंगांची टोकं घालून फांद्या विंचरत होत्या, आपण केस विंचरतो तशा, आणि खाली पसरलेल्या जाळ्यांवर फळं टपटप पडत होती. बऱ्याच जणींकडे आता प्लॅस्टिकचे पंजे होते, पण म्हाताऱ्या बायका शिंगं सोडायला तयार नव्हत्या.

अंगणात दगडाचा प्रचंड घाणा होता. मी फोटो काढायला लागले तशा मदाम म्हणाल्या, "तो पाहुण्यांसाठी. त्याच्यात तेल खराब व्हायचं, लगदा दाबायच्या चटयांत जुना चोथा अडकून सडायचा. माझ्या वडिलांनी तो बंद केला तेव्हा आजोबा महिनाभर बोलले नव्हते." खरं तेल मागच्या शेडमध्ये स्टीलच्या चकचकीत मशीनमधून येत होतं. जुन्या घराण्याचा त्यांना अभिमान होता, पण जुनं म्हणून काही त्यांनी डोक्यावर घेतलं नव्हतं. हे मला फार आवडलं.

भाऊ भेटला. उंच, मिश्या पांढऱ्या. मला वाटलं मागच्या भांडणामुळे तो माझ्याशी नीट बोलणार नाही. त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, "बाळांना आमचं तेल लावणारी तूच का?" मग मला मशीनपाशी नेलं. तोटीतून हिरवंगार, गढूळ तेल येत होतं, इतकं हिरवं की तेल वाटेचना. भाजलेला पाव त्याखाली धरला आणि माझ्या हातात दिला. मी खाल्ला आणि असा काही ठसका लागला की शेडमधल्या सगळ्या बायका हातातलं काम सोडून हसायला लागल्या. मदाम सगळ्यांत जास्त हसत होत्या. माहेरी आलेली बाई कुठलीही असो, तशीच हसते.

मी त्यांच्याकडे पुढे बरीच वर्षं राहिले. बाजार सावरला, ऑफिस मोठं झालं, माणसं वाढली. एका मोठ्या कंपनीनं बरंच स्वस्त तेल मिसळून मदामच्या नावानं विकायचा प्रस्ताव आणला होता. मदामनी त्यांना जेवू घातलं, कॉफी दिली आणि नाही म्हणून सांगितलं. त्यांना रागावताना मी फारसं पाहिलं नाही. नाही म्हणताना मात्र पुष्कळदा पाहिलं, आणि दर वेळी समोरचा माणूस जाताना त्यांचे आभारच मानायचा. ही कला मला अजूनही जमलेली नाही.

पुढे भावाची तब्येत बिघडली आणि मदाम कायमच्या परत गेल्या. दुबईचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. जाताना मोठं भाषण वगैरे काही नाही. एअरपोर्टच्या काउंटरवर बॅगेचं वजन जास्त भरलं म्हणून त्यांनी माझ्यासमोर चार स्वेटर एकावर एक अंगावर चढवले, घामाघूम होऊन मला मिठी मारली आणि आत गेल्या.

आता त्या खूप थकल्यात. मळा भाची बघते. फ्रान्सला शिकून आलेली, हातात सतत फोन. या वर्षी तोडणी कधी सुरू करायची यावरून दोघींचं जोरदार भांडण झालं. भाची म्हणत होती पाऊस येणार आहे, आठवडाभर आधी तोडू. मदामना ते घाईचं वाटत होतं. भाचीनं न विचारता तोडणी लावली, तेव्हा मदाम दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. मग खरंच पाऊस आला आणि आजूबाजूच्या मळ्यांतली फळं झडून चिखलात गेली.

हे सगळं मला भाचीनं नाही सांगितलं. मदामनी स्वतः फोन करून सांगितलं. आवाज बारीक झाला होता, पण सांगताना मधूनमधून हसू येत होतं. "नवीन तेल पाठवतेय ती," त्या म्हणाल्या. "चाखून बघ. माझ्यापेक्षा चांगलं काढलंय पोरीनं. अजून तिला सांगितलं नाहीये, आज जेवताना सांगेन."